चांगला डोळा का झाकायचा?

माझ्या भाचीच्या डाव्या डोळ्याला उजव्यापेक्षा बराच जास्त नंबर आहे हे कळलं, तेव्हा ती चार वर्षांची होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि वर सांगितलं, रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावा. उजव्या, म्हणजे चांगल्या. घरी आल्या आल्या आईनं, म्हणजे पोरीच्या आजीनं, विचारलं, "अगं, दुखणं डाव्याला आणि शिक्षा उजव्याला? चांगला डोळा कशाला झाकायचा?"

पहिला आठवडा नुसती रडारड. पट्टी लावली की पोरगी चित्र रंगवताना कागदाला नाक टेकवायची. उठली की नाकाच्या शेंड्यावर हिरवा नाहीतर जांभळा खडू. चष्मा लावूनही डाव्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं. तपासलं तर डोळा आतून धडधाकट. भिंग ठीक, पडदा ठीक. मग अडलं कुठे?

अडलं होतं डोक्याच्या मागच्या भागात, डोळ्यांकडून आलेले निरोप मेंदू जिथे उतरवून घेतो तिथे. आईला उत्तर द्यायचं तर चेतापेशींच्या जोडण्या मुळात होतात कशा आणि पक्क्या कशा होतात, तिथपासून सुरुवात करावी लागली. दोन-तीन संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिला सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येकीला निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू असतो, तो अक्षतंतू. निरोप घेणारे आखूड तंतू मात्र पुष्कळ, झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले. एकीचा अक्षतंतू दुसरीच्या फांदीपाशी जिथे पोचतो ती जागा म्हणजे सिनॅप्स. 'पोचतो' म्हणते, 'चिकटतो' नाही, कारण मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट उरते. केसाच्या जाडीत अशा तीन-चार हजार फटी सहज मावतील. अलीकडच्या टोकाला रसायनानं भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात. निरोप आला की त्या फुटतात, रसायन फट ओलांडतं आणि पलीकडच्या ग्राहींना जाऊन धरतं. ग्राही म्हणजे त्या रसायनासाठीच बनलेली, प्रथिनांची दारं.

या फटीवरून एके काळी चांगलंच जुंपलं होतं. इटलीच्या कामिल्लो गोल्जींचं म्हणणं, सगळा मेंदू म्हणजे एकसंध जाळं आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणत, नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. गंमत अशी की काहाल हे सगळं गोल्जींनीच शोधलेली रंगवण्याची पद्धत वापरून बघत होते. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जींनी पारितोषिकाच्या भाषणातही आपलंच जाळं लावून धरलं. सिनॅप्स हा शब्द त्याआधीच, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी रूढ केला होता. ती फट प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसायला मात्र १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. तोवर दोघेही भांडणकर्ते निवर्तले होते.

वाट शोधणारं टोक

गर्भात चेतापेशी जन्माला येते तेव्हा तिला एकही जोडणी नसते. तिच्या अंगातून अक्षतंतू फुटतो आणि पुढे सरकू लागतो. कोंबडीच्या भ्रूणात या तंतूच्या टोकाला फुगीर गड्डा असतो, हे काहाल यांनी १८९० मध्ये पाहिलं. त्यांच्यासमोर होता तो मेलेल्या ऊतीचा रंगवलेला काप. तरी त्यावरून त्यांनी ताडलं की हे टोक जिवंतपणी चालतं. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेतापेशींचा तुकडा लसिकेच्या, म्हणजे लिंफ या शरीरातल्या द्रवाच्या, थेंबात ठेवला, तो थेंब काचेखाली लोंबता ठेवला आणि तंतू खरोखरच वाढताना बघितला. रात्री लाइट गेल्यावर देव्हाऱ्यातली काडेपेटी शोधताना आपला हात जसा चाचपडतो, तसं ते टोक असतं. बारीक बोटं पुढे काढायची, काही लागलं तर तिकडे वळायचं, नको ते लागलं तर मागे घ्यायची.

चाचपडताना लागतात ती रसायनं. काही 'ये' म्हणतात, काही 'फिरकू नकोस' म्हणतात. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी कोंबडीच्या हजारो भ्रूणांचे मेंदू वाटून असं एक 'ये' म्हणणारं प्रथिन वेगळं केलं. नाव ठेवताना त्यांनी चक्क संस्कृतचा आधार घेतला. 'नेतृ', म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा, त्यावरून नेट्रिन. आपला 'नेता' तोच. पुढे असंही दिसलं की हाच नेट्रिन काही तंतूंना जवळ ओढतो आणि काहींना दूर लोटतो, त्यामुळे नाव फारच समर्पक निघालं.

मज्जारज्जूच्या मध्यरेषेवरचा खेळ तर आणखी मजेदार. काही तंतूंना डावीकडून उजवीकडे जायचं असतं. मध्यरेषेवर 'स्लिट' नावाचं दूर लोटणारं प्रथिन असतं, पण पहिल्या खेपेला तंतूला ते जवळजवळ जाणवतच नाही. पलीकडे गेला रे गेला की त्याच्या अंगावर स्लिट ओळखणारा ग्राही मोठ्या संख्येनं येतो आणि परतीची वाट बंद होते. फळमाशीत हा ग्राही बिघडला तर तंतू मध्यरेषेवरून पुन्हा पुन्हा ये-जा करत राहतात. म्हणून त्या जनुकाचं नाव 'राउंडअबाउट', थोडक्यात 'रोबो'.

पत्ता पेशीत किती खोल कोरलेला असतो, हे रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. बेडकाची डोळ्याची नस कापली तरी ती पुन्हा वाढून मेंदूशी जुळते. स्पेरींनी नस कापताना डोळाही खोबणीत उलटा फिरवला. नस वाढली, जुळली, आणि त्यानंतर माशी वर असली की बेडूक जीभ खाली मारू लागला. कितीही वेळा घास हुकला तरी सुधारणा शून्य. प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच पत्त्यावर गेला होता. डोळा फिरवलाय याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मग सगळंच आधी ठरलेलं असतं का? नाही. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं साधारण २० हजार, आणि जोडण्या मात्र कोटी-कोटींच्या घरात. प्रत्येक जोडणीची नोंद जनुकांत मावणं शक्यच नाही. पाकिटावर गाव असतं, पेठही असते, घर नंबर नसतो.  खरी गोष्ट पेठेत पोचल्यावर सुरू होते.

दोन्हीकडून

नुसता स्पर्श झाला म्हणून सिनॅप्स होत नाही. इकडे पिशव्या गोळा व्हायला हव्यात, तिकडे बरोबर समोर ग्राही. एक बाजू तयार आणि दुसरी नाही, तर उपयोग शून्य. दोघींना एकमेकींची खबर लागते कशी?

यातला एक धागा हाती लागला तो विषातून. ब्लॅक विडो नावाच्या कोळ्याचं विष चेतातंतूच्या टोकावर कशाला जाऊन धरतं, हे शोधताना १९९२ मध्ये थॉमस सुडहॉफ यांच्या प्रयोगशाळेला न्युरेक्झिन हे प्रथिन सापडलं. ते बसतं निरोप देणाऱ्या बाजूला. काही वर्षांत त्याचा जोडीदारही मिळाला, निरोप घेणाऱ्या बाजूचा, न्युरोलिगिन. फटीच्या आरपार हे दोघे एकमेकांचा हात धरतात.

मग २००० मध्ये एक प्रयोग झाला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वात देखणा वाटतो. संशोधकांनी मूत्रपिंडाच्या पेशी घेतल्या, ज्यांचा विचारांशी काडीचा संबंध नाही. त्यांच्या अंगावर न्युरोलिगिन येईल अशी व्यवस्था केली आणि शेजारी चेतापेशी वाढवल्या. अक्षतंतू येऊन त्या पेशींना टेकले आणि टेकले तिथे रसायनाच्या पिशव्या गोळा करू लागले. मूत्रपिंडाच्या पेशीसमोर अर्धा सिनॅप्स उभा! उलटा प्रयोगही जमला: न्युरेक्झिन असलेली परकी पेशी शेजारी आली की चेतापेशीची फांदी तिच्यासमोर ग्राही मांडते.

हा हात धरला की जोडणी झाली, असं वाटेल. पण तिन्ही मुख्य न्युरोलिगिन नसलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांच्या मेंदूत सिनॅप्सची संख्या जवळपास तेवढीच भरली. पिल्लं मात्र श्वास न चालल्यानं जन्मतःच दगावली. म्हणजे जोडण्या झाल्या होत्या, कामाच्या झाल्या नव्हत्या. होणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

स्नायू आणि चेतातंतूच्या भेटीत आणखी एक गंमत आहे. तंतू येऊन ॲग्रिन नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे स्नायूवर ग्राही एका जागी जमतात, असं बरीच वर्षं शिकवलं जाई. मग दिसलं की तंतू यायच्या आधीच स्नायूच्या मध्यभागी ग्राहींची थोडी जमवाजमव झालेली असते. पाहुणा यायच्या आत पाट मांडलेला. पाहुणा आला तर ती जागा पक्की होते, इतर पाट उचलले जातात.

कोवळी जोडणी पिकते कशी? मेंदूतला मुख्य उत्तेजक निरोप्या म्हणजे ग्लुटामेट. त्याचे ग्राही दोन मुख्य तऱ्हांचे. ॲम्पा हे साधं दार, ग्लुटामेट आलं की उघडतं. एनएमडीए या दुसऱ्या दारात मात्र मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसतं ग्लुटामेट येऊन ते उघडत नाही. पलीकडची पेशी त्याच क्षणी दुसऱ्या कुणामुळे चेतलेली असेल तरच बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. बऱ्याच कोवळ्या जोडण्यांत एनएमडीए असतं, ॲम्पा जवळजवळ नसतंच. अशा जोडणीला मी मुकी म्हणते, निरोप येतो पण आत पोचत नाही. पण अनेक तंतू एकदमच निरोप देऊ लागले की बूच उडतं, कॅल्शियम शिरतं आणि त्या गडबडीत पेशी ॲम्पाची दारं आणून तिथे बसवते. मुकी जोडणी बोलू लागते. एकत्र बोलणाऱ्यांची जोडणी टिकते, हा सगळ्या मेंदूचा खाक्या या एका बुचावर उभा आहे.

याच काळात गाबा नावाचं रसायनही पलटी खातं. मोठ्यांच्या मेंदूत गाबा म्हणजे ब्रेक. कोवळ्या पेशींत क्लोराइड जास्त साठलेलं असतं, त्यामुळे तिथे तेच गाबा ॲक्सिलरेटरचं काम करतं. पेशी क्लोराइड बाहेर काढायला शिकली की ब्रेक लागू लागतो. आणि शेजारच्या ताराकृती पेशी, ज्यांना कित्येक वर्षं नुसत्या टेकूच्या पेशी समजत, त्यांच्याशिवाय वाढवलेल्या चेतापेशींत सिनॅप्स फारच थोडे होतात.

विरळणी

इथवर आईला सगळं ठीक वाटलं. "म्हणजे वाढत जातात आणि पक्क्या होतात," ती म्हणाली. पुढचं तिला पटेना.

शिकागो विद्यापीठाचे पीटर हटनलॉकर यांनी वेगवेगळ्या वयांत मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूचे काप घेतले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक सिनॅप्स मोजला. १९७९ मध्ये त्यांनी लिहिलं की कपाळामागच्या भागात सिनॅप्सची सगळ्यात जास्त दाटी एक ते दोन वर्षांच्या मुलांत असते, मोठ्यांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक. दृष्टीच्या भागात हा कळस आणखी लवकर, आठव्या महिन्याच्या आसपास येतो. त्यानंतर संख्या उतरत जाते. कपाळामागच्या भागात तर ही उतरण विशीतही चालू असते.

इंग्रजीत याला छाटणी म्हणायची पद्धत आहे आणि मराठीतही तोच शब्द उचलला जातो. मला विरळणी जास्त नेमका वाटतो. बाजरी दाट पेरतात, रोपं वर आली की मधली उपटतात, म्हणजे राहिलेल्यांना जागा मिळते आणि ती फुटवे धरतात. नेमकं हेच स्नायूत दिसतं. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा प्रत्येक स्नायुतंतूवर अनेक चेतातंतू बसलेले असतात. दोन आठवड्यांत एकच उरतो. पण तो एकटा तिथे पसरून हरलेल्यांच्या जागाही व्यापतो, एकाची कित्येक टोकं करतो. मालक कमी झाले, जोड मजबूत झाला. हरलेला तंतू मरत नाही. इथून पाय काढतो, दुसरीकडे जिंकलेला असतो तिथे राहतो.

मेंदूतली हरलेली जोडणी उचलून नेतं कोण? २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स, बेन बॅरेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जंतूंवर 'हे खा' अशी खूण करणारी आपल्या प्रतिकारशक्तीतली प्रथिनंच कोवळ्या सिनॅप्सवरही बसतात. मग मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाई पेशी, खूण केलेल्या जोडण्या गिळतात. हा हात जरा जड पडला तर काय, याची चुणूक २०१६ मध्ये मिळाली: याच प्रथिनांपैकी सी४ चं जनुक ज्यांच्यात जास्त जोरकस, त्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा अधिक असतो. त्या आजाराचं एकमेव कारण म्हणून मात्र हे सांगता येत नाही.

अंधारातल्या लाटा

आता कोण टिकणार आणि कोण जाणार हे कशावर ठरतं? वापरावर. पण गर्भात अंधार असताना डोळा वापरणार कसा? १९९१ मध्ये कार्ला शॅट्झ आणि सहकाऱ्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची नवजात पिल्लं आणि मांजराचे गर्भ यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले. डोळे उघडायच्या कितीतरी आधी त्या पडद्यांवरून विजेच्या लाटा जात होत्या, शेतातल्या पिकावरून वारा जावा तशा. शेजारच्या पेशी एकदम चेततात, दूरच्या मागून. एकत्र बोलणाऱ्यांची जोडणी टिकते, तेव्हा कोण कुणाचा शेजारी हे मेंदूला उजेड पाहायच्या आधीच कळतं. बघायची तालीमच म्हणा.

उजेड आल्यावर खरी चुरस. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला आणि दोन-तीन महिन्यांनी उघडला. डोळा चांगला होता. पण दृष्टीच्या भागातल्या पेशी त्याला दाद देईनात, त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीच बिघडत नसे. नंतर त्यांनी दोन्ही डोळे शिवून पाहिले. वाटलं होतं दुप्पट नुकसान होईल, पण दृष्टीच्या पेशी दोन्ही डोळ्यांना बऱ्यापैकी दाद देत राहिल्या. म्हणजे डोळा बंद राहिल्यानं जागा जात नाही. शेजारचा उघडा असताना हा बंद राहिला, तर शेजारचा ती बळकावतो. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी ते उलट्या डोळ्याच्या बेडकावाल्या स्पेरींनाही मिळालं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर हेच. भाचीच्या डाव्या डोळ्याकडून चार वर्षं धूसर, कच्चे निरोप येत होते, उजव्याकडून लख्ख. मेंदूतल्या जागा उजव्यानं घेतल्या. नुसत्या चष्म्यानं डावा स्वच्छ निरोप पाठवू लागला, पण घ्यायला माणूसच नाही. उजव्याला दोन तास गप्प बसवलं की डाव्याला बोलायची पाळी मिळते. आई गावाकडची, तिला हे लगेच पोचलं: "दांडग्या रोपाची सावली पडतीय, ती काढायची." रोप उपटायचं नाही, हे महत्त्वाचं, म्हणून तर दिवसभर पट्टी नाही. तास किती, हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. वय जितकं कमी तितका फायदा जास्त, पण मोठ्या मुलांतही काही सुधारणा दिसते.

असाच मोसम भाषेलाही असतो, आणि त्याच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगात आपलेच 'ट' आणि 'त' आहेत. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. वर्षाच्या सुमाराला तो कळेनासा झाला. तिकडे वाढलेली आपली नातवंडं 'ताट' म्हणताना अडखळतात, त्याचं मूळ इतकं मागे आहे. ही सिनॅप्सची विरळणीच आहे असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही, तेव्हा मीही तसं म्हणत नाही. मात्र सिनॅप्सच्या त्या आकड्यांच्या आधारे 'तीन वर्षांच्या आत मेंदू घडवा' म्हणून बाळांना दाखवायची महागडी चित्रकार्डं खपवणारे लोक आहेत, त्यांचा मला राग येतो. ह्युबेल-वीझल यांनी दाखवलं ते नेहमीचं बघणं हिरावून घेतल्याचं नुकसान. जास्त कार्डं दाखवल्यानं जास्त मेंदू होतो, असं त्यांनी कुठेही दाखवलं नाही.

पट्टीचं पटल्यावर आईनं दुसरा प्रश्न काढला. "मग माझा मोतीबिंदू काढल्यावर मला दुसऱ्याच दिवशी कसं दिसलं? दोन वर्षं धुकंच होतं की." तिच्या जोडण्या साठ वर्षांपूर्वीच ठरून पक्क्या झाल्या होत्या, मध्ये फक्त काच धुरकटली होती, ती बदलली. जन्मतःच दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाचं तसं नसतं. तिथे डॉक्टर आठवडे मोजतात.

आणि आठवडे नाही, वर्षं उलटली तर? अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' आपल्याकडे, उत्तर भारतातल्या खेड्यांतून अशी मुलं शोधून त्यांच्या शस्त्रक्रिया करवतो. ८ ते १७ वर्षांची मुलं, पहिल्यांदाच नीट बघणारी. त्यांची नजर पुरती बारीक कधीच होत नाही, पण पुस्तकी हिशेबानं व्हायला हवी त्याहून बरीच सुधारते. त्यातल्या काहींना शस्त्रक्रियेनंतर लगेच एक ठोकळा न बघता हातात दिला आणि मग दोन ठोकळे समोर ठेवून विचारलं, मगाशी हातात होता तो यातला कुठला? सांगता येईना, निव्वळ अंदाजपंचे. काही दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा, मध्ये कुणी काही शिकवलेलं नसताना, बहुतेक वेळा बोट बरोबर ठोकळ्यावर पडत होतं.